वर्गाला आधी कळलेलं असतं

सिद्धेश्वर हे नाव मराठवाड्यातल्या बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा पाण्यासाठी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं हे धरण साठच्या दशकात वरच्या येलदरीच्या जोडीनं उभं राहिलं. येलदरीतून पाणी सुटलं की सिद्धेश्वरचे दरवाजे कधी उघडतात, याकडे नदीकाठच्या खालच्या गावांचे डोळे लागलेले असतात. शाळकरी पोरांनी एकमेकांचा जीव घेतल्याच्या बातम्या मात्र दुसरीकडून येतात. ऑगस्ट २०२५मध्ये नाशिकच्या सातपूर भागात एका खासगी शिकवणीच्या वर्गात बाकावर बसण्यावरून वाद झाला आणि बरोबरच्या मुलांच्या मारहाणीत दहावीतल्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात अहमदाबादमध्ये दहावीतल्याच एका मुलाला खालच्या वर्गातल्या मुलानं शाळेजवळ चाकूनं भोसकलं, तो वाचला नाही. अशा बातम्या गावात वाचल्या की मोठी माणसं म्हणतात, हे शहराचं दुखणं आहे, आपल्याकडं पोरांना अजून धाक आहे. हा दिलासा खोटा आहे, असं माझं मत आहे. ज्यामुळे बाकावरची कुरबूर जिवावर बेतते ते सगळं हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये सापडेल. फरक एवढाच, की बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या पायरीपर्यंत जात नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

आधी आकड्यांशी प्रामाणिक राहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशभरात अल्पवयीन मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदवले गेले. त्यांतले ४,४०६ महाराष्ट्रातले होते, म्हणजे राज्यांच्या यादीत आपण पहिले. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त मुलं १६ ते १८ वयाची होती. पण याच अहवालात देशाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा थोडा घटलेला दिसतो. यात चोऱ्याही आल्या, शाळेबाहेरची भांडणंही आली. शिवाय ज्या राज्यात पोलीस गुन्हा नोंदवून घेतात ते राज्य यादीत वर दिसतं. तेव्हा ‘पिढी बिघडली, हिंसा वाढत चालली’ हे विधान पोलिसांच्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते वेगळंच, आणि ते पोलिसांच्या दप्तरात नाही. युनेस्कोनं २०१९ साली १४४ देशांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जवळपास तिघांतल्या एका विद्यार्थ्यानं गेल्या महिन्याभरात बरोबरीच्या मुलांकडून छळ झाल्याचं सांगितलं होतं. युनिसेफच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे जगातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे सुमारे १५ कोटी मुलांनी, शाळेत किंवा शाळेच्या आसपास सोबत्यांची हिंसा भोगलेली आहे. दर चार-सहा महिन्यांनी टीव्हीवर दिसणारा चाकू एका बाजूला आणि दर मधल्या सुट्टीत खाल्लेली टपली, ओढलेलं दप्तर, बापाच्या धंद्यावरून किंवा जातीवरून ठेवलेलं नाव दुसऱ्या बाजूला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं आपण धरून चालतो. पुरावा सांगतो की पहिल्याची वाट दुसऱ्यातूनच जाते.

या बाबतीतला सगळ्यात बोलका अभ्यास अमेरिकेतला आहे. एप्रिल १९९९मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून तेरा जणांना मारलं. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून १९७४ ते २००० या काळातले शाळांवरचे ३७ हल्ले तपासले, हल्लेखोर मुलांच्या मुलाखतीही घेतल्या. २००२ साली निष्कर्ष आले. अचानक डोकं फिरून केलेला हल्ला जवळजवळ नव्हताच. साधारण दहातल्या सात हल्लेखोरांना आधी कुणीतरी छळलं होतं किंवा तसं त्यांना वाटत होतं. आणि ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधी निदान एका माणसाला तरी कळलेलं होतं की या मुलाच्या मनात काय चाललंय. तो माणूस बहुतेक वेळा वर्गमित्र, दोस्त किंवा भाऊ-बहीण असायचा. शिक्षक किंवा पालक क्वचितच. आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, म्हणून अमेरिकेचं उदाहरण इथं लागू नाही असं कुणी म्हणेल. हत्याराच्या बाबतीत ते खरं आहे, आणि आपली मुलं त्यामुळेच वाचतात. पण कळण्याचा जो क्रम तिथं दिसला तो हत्यारावर अवलंबून नाही. ‘शाळा सुटल्यावर बघतो तुला’ हे वाक्य वर्गात चाळीस पोरांनी ऐकलेलं असतं आणि शिक्षकांच्या खोलीत एकानंही नाही. धरणात पाणी किती चढलं हे दरवाजा उघडायच्या कितीतरी आधी पट्टीवर रोज वाचलं जातं; वर्गातली पट्टी पोरं रोज वाचतात, फक्त तो आकडा मोठ्यांपर्यंत पोहोचत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. शाळेतली हिंसा थांबते की वाढते, हे मुलं किती रागीट आहेत यावर जितकं ठरतं त्याहून जास्त, बघणारी मुलं कुणाला सांगू शकतात का, यावर ठरतं.

छळाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला तो डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञानं, सत्तरच्या दशकात, स्वीडन-नॉर्वेत. एकदाचं भांडण आणि छळ यांत त्यानं फरक केला: छळ पुन्हापुन्हा होतो, जाणूनबुजून होतो आणि करणारा सोसणाऱ्यापेक्षा बलवान असतो, अंगानं नाहीतर टोळीनं. पुढं फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी वर्गातली बाकीची मुलं काय करतात ते पाहिलं. कुणी मारणाऱ्याला हात देतो, कुणी हसून चढवतो, पुष्कळजण मान फिरवतात, थोडे मार खाणाऱ्याच्या बाजूनं उभे राहतात. मारणाऱ्याची हिंमत हसणाऱ्यांवर चालते. यामागं वयाचाही भाग आहे. फिलाडेल्फियात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ देऊन पाहिलं: एकटी असताना किशोरवयीन मुलं जेवढा धोका पत्करायची त्याहून बराच जास्त धोका मित्र बघत असताना पत्करायची, मोठ्या माणसांत हा फरक दिसला नाही. मेंदूचा जो भाग आवर घालतो तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो आणि बरोबरीच्यांच्या शाबासकीची ओढ मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असते. म्हणून एसटी स्टँडवर, गर्दीसमोर, ‘खुन्नस दिली’ एवढ्यावरून हात उगारणारा मुलगा एकटा गाठला तर बऱ्याचदा मुकाट असतो. आता त्या गर्दीत मोबाइल आला. पूर्वी भांडण मधल्या सुट्टीपुरतं असायचं, बघणारे वीस-पंचवीस. आता कुणीतरी चित्रण करतं, रात्री ते स्टेटसला लागतं, सकाळी शेजारच्या गावातल्या पोरांनीही ते पाहिलेलं असतं, आणि ज्याची नाचक्की झाली त्याला माघार घ्यायला जागाच उरत नाही. मोबाइलनं पोरं बिघडवली हे म्हणणं म्हणूनच मला अर्धवट वाटतं. मोबाइलनं राग तयार केला नाही, बघ्यांची संख्या वाढवली आणि भांडणाला रात्रीची सुट्टी ठेवली नाही.

मग मुलं सांगत का नाहीत? सांगणाऱ्याला चुगलखोर म्हणतात, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण आपण स्वतः आहोत. सांगितल्यावर पुढं काय होतं, ते मुलांनी पाहिलेलं असतं. सर दोघांनाही उभं करतात, दोघांनाही दोन लगावतात, ‘पुन्हा तक्रार आली तर बघा’ म्हणतात आणि फळ्याकडे वळतात. त्यात ज्यानं सांगितलं त्याचं नाव वर्गासमोर फुटतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं त्यात सांगितलं, म्हणजे तिघांतल्या दोघांनी. त्यानंतर शिक्षणहक्क कायदा आला, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, त्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कायद्यानं पुष्कळ फरक पडला, पण छडी गेली तिथं उठाबशा राहिल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये वसईत शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी दगावली. आपल्या शेजारी, परभणी जिल्ह्यातल्या झिरो फाट्यावरच्या एका निवासी शाळेत जुलै २०२५मध्ये मुलीचा दाखला आणि भरलेली फी मागायला गेलेल्या पालकाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि संस्थाचालकांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. ज्या आवारात मोठी माणसंच हातानं निकाल लावतात तिथं मुलांनी तोंडानं बोलावं अशी अपेक्षा कशी करायची? अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये दाखवून दिलं होतं की मोठा माणूस बाहुलीला बडवताना पाहिलेलं लहान मूल संधी मिळताच तसंच, तेवढ्याच नेमकेपणानं बडवतं. हे आजी-आजोबांनाही ठाऊक असतं. प्रयोगानं फक्त त्यावरची शंका घालवली.

इथं जुन्या पिढीचा आक्षेप येतो आणि तो मनापासून असतो. आमच्या वेळी गुरुजी फोडून काढायचे, घरी सांगितलं तर बाप आणखी दोन ठेवायचा, तरी आम्ही चाकू काढले नाहीत. याला दोन उत्तरं आहेत. पहिलं असं, की त्या काळी मार सहन न झालेली मुलं मोजली गेलीच नाहीत. ती शाळा सोडून गुरांमागं गेली, आणि आज ‘आमच्या वेळी’ बोलणारे बहुतेक जण शाळेत टिकलेले आहेत. दुसरं असं, की छडीबरोबर तेव्हा आणखी काही होतं जे आता विरळ झालंय. गुरुजी गावातच राहायचे, संध्याकाळी पारावर भेटायचे, कुणाचं पोर कुणाशी भांडतंय हे त्यांना शाळेबाहेर कळायचं. आज बहुतेक शिक्षक तालुक्याहून किंवा हिंगोलीहून ये-जा करतात आणि चारच्या गाडीला निघतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही मुलांचं शिक्षण आहे. पण मुलांमधल्या गोष्टी मोठ्यांपर्यंत पोहोचवणारी जी वाट होती ती छडीमुळे नव्हती, ओळखीमुळे होती. आपण आठवण छडीची ठेवली.

मराठवाड्यात या प्रश्नाला जातीची धार आहे आणि ती टाळून लिहिणं अप्रामाणिक होईल. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारहाण झाली. शाळेच्या आवारापासून ती सुरू झाली आणि त्याच्या खुनापर्यंत गेली. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, त्यांत शाळेतली माणसंही होती, आणि २०१७च्या नोव्हेंबरात जिल्हा न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. मुलांच्या गप्प बसण्याबद्दल आपण बोलतो. इथं तर मोठ्यांनी पाहिलं आणि मोठेच गप्प बसले. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं त्यातून काय उचललं असेल, याचा विचार करायला हवा. सप्टेंबर २०२३मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला आणि त्यानंतर आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्यातली गावं दोन बाजूंना बसायला लागली. मोठ्यांची भाषणं मुलांच्या मोबाइलवर येतात, कुणाच्या स्टेटसला कुठला नेता आहे यावरून बाक बदलतात. प्रश्न कुणाचा रास्त आणि कुणाचा नाही, हा इथला विषय नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला घरातूनच ‘त्यांची पोरं’ आणि ‘आपली पोरं’ अशी वाटणी मिळाली, की भांडणाचं कारण शोधावं लागत नाही. पेन हरवला तरी पुरतो. आणि अशा भांडणात साक्ष देणं म्हणजे मित्राची चुगली राहत नाही, ती जातीशी गद्दारी ठरते. गप्प बसण्याचं हे सगळ्यात घट्ट कुलूप आहे.

सिद्धेश्वरसारख्या गावाच्या पंचक्रोशीत आणखी एक जागा आहे जी कुठल्याही शाळेच्या कॅमेऱ्यात येत नाही: रस्ता. लहान गावांतली जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढच्या वर्गांसाठी पोरं मोठ्या गावाला जातात, सायकलवर, पायी, नाहीतर एसटीनं. छेडछाड, धक्काबुक्की, अडवाअडवी बहुतेक इथंच होते, कारण शाळा सुटलेली असते आणि घर यायचं असतं. मुलींची शाळा सुटू नये म्हणून मानव विकास कार्यक्रमाखाली सायकली दिल्या गेल्या आणि निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. हिंगोली त्या कार्यक्रमाच्या पहिल्या बारा जिल्ह्यांपैकी एक. ही बस म्हणजे अंतरावरचं उत्तर आहेच, पण ते सुरक्षिततेवरचंही उत्तर आहे. ती आली नाही त्या दिवशी मुलगी घरी राहते. रस्त्यात कुणी दोनदा आडवं आलं, हे आईच्या कानावर गेलं की पोरांना जाब विचारायच्या आधी मुलीची शाळा बंद होते आणि स्थळ बघायला सुरुवात होते. हिंगोली १ मे १९९९ला ज्या परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या परभणीत पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. बालविवाहाला गरिबी, हुंडा, ऊसतोडीचं स्थलांतर अशी बरीच कारणं आहेत. पण शाळेच्या वाटेवरच्या हिंसेचा परिणाम मोजताना आपण जखमा मोजतो आणि हा परिणाम सोडून देतो, म्हणून तो इथं नोंदवला. ज्या मुलीला कुणी हातही लावला नाही तिची दहावी त्या भीतीनंच गेली.

बाकीचे परिणाम लवकर दिसत नाहीत, पण लांब टिकतात. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा छळ झाला होता त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य जास्त होतं, तब्येत खालावलेली होती, माणसांशी नाती कमी होती. आणि मारणाऱ्याचं काय? ओल्व्हेयसनं सहावी ते नववीत दादागिरी करणारे म्हणून ओळखले गेलेले मुलगे पुढं तपासले तेव्हा चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांतले सुमारे ६० टक्के निदान एकदा तरी गुन्ह्यात दोषी ठरले होते. दादागिरीमुळेच ते गुन्हेगार झाले असं यावरून म्हणता येत नाही. ज्या घरच्या मारामुळे तो दादा झाला त्याच मारामुळे पुढचंही घडलं असेल. पण वर्गातला ‘भाई’ मोठा झाला की आपोआप सुधारतो, हा समज मात्र त्यातून टिकत नाही. त्याला वेळेत कुणी अडवलं नाही तर नुकसान त्याचंही होतं, आणि हे त्याच्या आईबापांना कुणीतरी सांगायला हवं, कारण तक्रार आली की ते ‘पोरासोरांचं भांडण’ म्हणून शाळेवरच चालून येतात.

आता उपाय म्हणून जे सुचवलं जातं त्याकडे पाहू. कायदा कडक करा, ही पहिली मागणी. तो कडक झालेला आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यानं १६ ते १८ वयाच्या मुलानं घोर अपराध केला असेल तर प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची सोय केली. भीषण गुन्ह्यात अशी तरतूद असावी की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण गर्दीसमोर अपमान झालेला पंधरा वर्षांचा मुलगा कलमं आठवून थांबत नाही, आणि कायदा येतो तेव्हा एक मूल गेलेलं असतं. दुसरी मागणी, असल्या पोरांना शाळेतून काढा. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्यामुळे काढता येत नाही, म्हणून नववीला हातात दाखला ठेवतात. अमेरिकेनं हे धोरण वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर राबवून पाहिलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं नेमलेल्या गटानं पुरावा तपासून सांगितलं की त्यानं शाळा सुरक्षित झाल्याचं दिसत नाही. काढलेला मुलगा शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहतो आणि आता त्याच्याकडे गमवायला काही नसतं. तिसरी गोष्ट कॅमेरे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४मध्ये राज्य सरकारनं शाळांना ते महिन्याभरात बसवायला सांगितलं. मोठ्या माणसांनी मुलांवर केलेल्या अत्याचाराच्या संदर्भात त्याला अर्थ आहे, पुरावा राहतो. मुलामुलांमधला छळ मात्र कॅमेरा पाहू शकत नाही. डबा खाताना एकालाच बाजूला बसवलं, हे चित्रात दिसलं तरी कळत नाही.

काय कळतं आणि कुणाला, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे, म्हणून मला त्याचं फार महत्त्व वाटतं. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटात कार्यक्रम शाळेतल्या एका शिक्षकावर सोपवला, दुसऱ्यात त्याच कामासाठी बाहेरून एक माणूस नेमला, तिसऱ्यात नेहमीचं चालू राहिलं. नेमलेली व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. शिकलेली, स्थानिक, थोडं प्रशिक्षण घेतलेली. तिला ‘सेहर मित्र’ म्हणत. भित्तिपत्रक, मुलांचे गट, कार्यशाळा, एकेकट्याशी बोलणं आणि चिठ्ठ्या टाकायची पेटी, एवढंच सामान. वर्षअखेरीस जिथं मित्र होता त्या शाळांत छळ कमी झाला, मारणं आणि मार खाणं दोन्ही कमी झालं, मुलांमधलं नैराश्य कमी झालं, शाळेत आपुलकीनं वागवतात असं मुलं म्हणू लागली. पुढच्या वर्षी फरक आणखी वाढला. जिथं तेच काम शिक्षकाकडे होतं तिथं काहीच बदललं नाही. यातला शेवटचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. शिक्षक वाईट होते असं नाही. गुण देणारा, शिक्षा करणारा आणि मनातलं ऐकणारा माणूस एकच असला की मुलं तिसऱ्यापाशी जात नाहीत, कारण तिथं पहिले दोघे बसलेले असतात. शिवाय त्याच्या डोक्यावर पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची यादी, ऑनलाइन भरायची माहिती असते.

आपल्याकडे तक्रारपेटी आहे. सरकारी आदेशानं ती शाळाशाळांत टांगलेली आहे, बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी, व्हरांड्यात, जिथून सगळी शाळा ये-जा करते. छोटं कुलूप, किल्ली आत टेबलाच्या खणात. सगळ्यांच्या देखत तिथं चिठ्ठी टाकायला जो मुलगा जाईल तो दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत होतो. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे, वसतिगृहांनाही लागू पडणारा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. साधनांची कमतरता कागदावर फारशी नाही. नालंदाच्या शाळांतही पेटीच होती. तिच्यामागं एक माणूस होता जो चिठ्ठी वाचून त्याच आठवड्यात काहीतरी करायचा, आणि लिहिणाऱ्याचं नाव फोडायचा नाही. नॉर्वेतही १९८२च्या अखेरीला तीन मुलांनी छळाला कंटाळून आत्महत्या केल्यावर जी देशव्यापी मोहीम सुरू झाली तिचा गाभा असाच साधा होता: मधल्या सुट्टीत मैदानावर मोठी माणसं हजर, वर्गात ठरलेले नियम, मार खाणाऱ्याशी आणि मारणाऱ्याशी वेगवेगळं बोलणं, दोघांच्या पालकांशीही बोलणं. बेर्गन शहराच्या परिसरातल्या ४२ शाळांत दोन वर्षांत छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या.

यावर शेवटचा आक्षेप पैशाचा येतो आणि तो खराही आहे. जिथं विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहते तिथं मुलांचं ऐकायला वेगळा माणूस कोण देणार? पण नालंदा काही श्रीमंत जिल्हा नाही, आणि ज्याची गरज आहे तो माणूस हिंगोलीत दुर्मिळ नाही. पदवी घेऊन गावात राहिलेल्या, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरत बसलेल्या मुली आणि मुलं औंढा तालुक्यात गावोगावी आहेत. त्यांना ती पोरं, त्यांची घरं, त्यांच्या भावकीतली भांडणं माहीत आहेत. तीन-चार हायस्कुलांना मिळून एक, महिन्याचं ठरलेलं मानधन, जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा त्यांना विचारायला एक जाणकार, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. यात एक धोका आहे: गावचा माणूस गावच्या जातींतलाच असणार, त्याच्यापाशी कुणी जाईल आणि कुणी जाणार नाही. म्हणून एका शाळेसाठी दोघं असावेत, वेगवेगळ्या वस्त्यांतले, त्यांतली एक बाई. आणि आधी आश्रमशाळा आणि निवासी शाळा घ्याव्यात, कळमनुरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्यासुद्धा. तिथं मुलाला संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगण्याचीही सोय नसते, आणि मोठ्या वर्गातल्या पोरांच्या हातात लहान पोरं सोपवून अधीक्षकाची रात्र निघते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पाचवीत नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात हे कळलं पाहिजे, की रात्री कुणी त्रास दिला तर कुणाला उठवायचं, आणि उठवल्यावर तो माणूस चिडणार नाही.